सख्ख्या भावासाठी

रिक्षातून उतरताना आत्मारामने बायकोचा हात झटकला, हे धर्माने अंगणातूनच पाहिलं. तो दुधी पुसून टोपलीत रचत होता. थोरला भाऊ इतका वाळलेला पाहून हातातला दुधी हातातच राहिला. पण धर्मा उठून पुढे झाला नाही. आर्याच्या लग्नापासून त्याच्या मनात अढी होती. स्वतःच्या पोटच्या पोरीचं लग्न, आणि आत्माराम मांडवात फिरकला नव्हता. कन्यादान धर्मा आणि त्याची बायको संजना यांनी केलं. "त्यांना चक्कर येतेय," एवढंच जयवंतीवहिनीने सांगितलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस खुर्चीत तरी बसू शकतो, असं धर्मा तेव्हा चारचौघांत बोलला होता.

आत्माराम ओट्यावर टेकला. त्याला धाप लागली होती. भिंतीशी त्यांची आई, बायजा, वाल सोलत बसली होती. तिला आताशा कमी ऐकू येई. तिने थोरल्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला.

आत्मारामने खिशातून प्लॅस्टिकची एक डबी काढली. झाकणाला आतून इवलासा चमचा होता.

"सकाळी संडासला जाशील तेव्हा यात थोडं घ्यायचं. घरच्या घरी. झाकन लावायचं आनि विरारला लॅबमधे नेऊन द्यायचं. डोळ्याला दिसत नाय असं रक्त असलं तरी त्यांना कळतं."

संजना पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. "भाऊजी, समोर देव हायेत," ती हळूच म्हणाली.

धर्माला हसू आलं. "मला काय झालंय, दादा? पोट एकदम साफ हाय माझं. सकाळी उठलो की मोकळा."

"माझं पन साफच होतं."

"आनि हे असलं घेऊन मी एसटीत बसू? कुनी विचारलं, काय नेतोस, तर काय सांगू?"

"सांग, भावाने दिलंय."

"नाय जमनार मला." धर्माने पुढचा दुधी उचलला. "तू आधी स्वतःचं बघ. आमची कशाला काळजी?"

"चला, जाऊ आपन," जयवंती म्हणाली. तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं. पण आत्माराम उठला नाही. त्याने शर्टाची बटणं सोडायला घेतली.

"नका हो," ती म्हणाली. "इथे नको."

त्याने शर्ट बाजूला केला. पोटावर, डाव्या अंगाला, एक पिशवी चिकटवलेली होती. अर्धी भरलेली. धर्माने नजर वळवली. मग त्याला तसं करणं बरं वाटेना, म्हणून पुन्हा पाहिलं. अंगणात कुणी चपला घालून आलं तरी ओटा धुवून काढणारा हा माणूस.

"मी आता संडासला जात नाय, धर्मा. ते इथून येतं. कधी येईल ते मला कळत पन नाय. लग्नात मी मांडवात शिरतच होतो, तेवढ्यात ही सुटली. नवंकोरं धोतर भरलं. तुझी वहिनी मागच्या खोलीत मला पुसत होती आनि बाहेर मंगलाष्टका चालल्या होत्या. सगळं ऐकू येत होतं मला."

 धर्माने वहिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

"मीच तिला शपथ घातली होती, कुनाला सांगायचं नाय म्हनून. लाज रे. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा पन लाजच वाटली. मूळव्याध असंल म्हनून गप बसलो. बसलो ते बसलोच." आत्माराम थांबला. त्याने श्वास घेतला. "आता डॉक्टर उपचाराची पुढची तारीख देत नायत. मी विचारलं, मग मी काय करू? ते म्हनाले, हा आतड्याचा कॅन्सर रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, सख्खा भाऊ असंल तर त्याला तपासायला लावा. त्याला काय होत नसलं तरी. लवकर सापडलं तर बरं होतं. तेवढंच एक काम हाय आता माझ्याकडे."

धर्माने हात लुंगीला पुसले आणि डबी घेतली.

"उद्या देतो," तो म्हणाला.  "उद्या सकाळीच देतो, दादा."

मग तो भावापुढे उकिडवा बसला आणि त्याच्या शर्टाची बटणं लावू लागला. एक बटण चुकलं, तर सगळी काढून पुन्हा लावली. आत्माराम मान खाली घालून त्याच्या बोटांकडे बघत राहिला. संजनाने तांब्या पुढे केला, तेव्हा तो दोनच घोट प्यायला आणि पुरे म्हणाला.

रिक्षा चांदीपच्या रस्त्याला लागेपर्यंत धर्मा उभा होता. परत आला तेव्हा बायजा वालाची सालं बाजूला सारत होती.

"काय दिलं रे त्याने?"

धर्मा तिच्या कानाशी वाकला. "डबी हाय, आये. तपासायची. आपल्या आत रोग असला तर आधीच कळतो. आधी कळला तर मानूस वाचतो."

बायजाने डबी मागून घेतली. झाकण उघडलं, इवलासा चमचा पाहिला, आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग माझ्या आत्म्याला कुनी नाय का दिली?"