एक पिशवी कमी

आजही एक पिशवी कमी भरली. कल्याणने बर्फाच्या पेटीचं झाकण आदळलं.

मिरजगावात हायवेला लागून त्याचा परमिट रूम. शहरातल्या बारमध्ये मिळतं तसं लुसलुशीत चिकन त्याला हवं होतं, पण त्यासाठीचं हवा काढायचं मशीन म्हशीच्या किमतीला. मग आचारी दानीएलने जुगाड केला. मसाला लावलेलं चिकन झिपच्या पिशवीत घालायचं, पिशवी पाण्यात दाबून हवा काढायची आणि बर्फाच्या पेटीत गरम पाणी भरून त्यात सकाळभर शिजू द्यायची. पाणी किती तापलंय ते बघायला कल्याणने बाजारातलं सगळ्यात स्वस्त थर्मामीटर आणून दिलं.

"ह्याला उकळी न्हाई, काय न्हाई. कच्चं राहिलं तर गिऱ्हाईक आजारी पडंल, शेठ," दानीएल कुरकुरला होता.

"गिऱ्हाइकाला काय कळतंय? माजं जेवन तेवडं गॅसवर, पातेल्यात कर."

चिकन तुफान चाललं. समोरचा कारभारीचा बार ओस पडला. आणि तेव्हापासूनच रोज एक पिशवी गायब व्हायला लागली. ही चव कारभारीकडे पोहोचली की धंदा बसलाच, या धास्तीने कल्याणची झोप उडाली.

दानीएलचं वागणंही सरळ वाटेना. ऊन कलेपर्यंत तो गिऱ्हाइकाला चिकन देतच नसे. शेठचं ताट मात्र स्वतः आणायचा, शेवटचा घास जाईपर्यंत समोर उभा राहायचा. नंतरही दोन-तीनदा डोकावून विचारायचा, "बरं वाटतंय न्हवं, शेठ?" एवढी लाडीगोडी लावतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे कल्याणने ताडलं.

आज त्याने मऊसूत चिकन संपवलं, ताट तिथंच सोडलं आणि दुपारभर मागच्या दारावर पाळत ठेवली. दारातून कुत्रंसुद्धा बाहेर गेलं नाही. शेवटी चिडून त्याने दानीएलची कॉलरच धरली.

"खरं बोल. कारभारीला पोचवतोस ना पिशवी?"

"देवाशप्पत न्हाई, शेठ."

"मग जाती कुटं? आत्ता सांग, न्हाईतर उद्यापासनं कामावर येऊ नको."

दानीएलने मान खाली घातली. "त्या थर्मामीटरवर माजा भरवसा न्हाई. म्हनून रोज पयली पिशवी एका मानसाला खाऊ घालतो. ऊन उतरेपर्यंत तो ठनठनीत राहिला, तरच बाकीचं गिऱ्हाइकाला देतो."

"कुनाला रे खाऊ घालतो?"

दानीएलने टेबलावरचं चाटूनपुसून साफ केलेलं ताट उचललं.

"बरं वाटतंय न्हवं, शेठ?"