जिन्यापुरते ठोके

चपला घालून द्वारकाबाई खुर्चीतच अडकून बसल्या होत्या. त्यांच्या छातीतलं यांत्रिक हृदय वर्षभर बसल्या माणसापुरतेच ठोके देत होतं. जिना तर सोडाच, भांडायलाही दम पुरेना.

हृदय ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजून एक ठोका देई; आकडा लहान, तर ठोके जास्त. मागे ठोके वाढवायला मध्येच आकडा लहान केला, तेव्हा मोजणी त्याच्या पुढे निघून गेली होती. ती शेवटपर्यंत जाऊन पुन्हा शून्यापासून त्या आकड्यावर येईपर्यंत ठोकाच पडला नाही आणि बाई कोसळल्या.

"आता सुधारलंय. चालू मोजणी संपून ठोका पडल्यावरच आकडा बदलेल," सून मृण्मयी म्हणाली. पण ठोके वाढवायच्या बटणावर ठेवलेलं बोट तिनं दाबलं नाही.

"दाब की!"

"पुन्हा चुकलं तर, आई?"

"आणि खुर्चीत मेले तर? लोक म्हणतील, सुनेनं डांबून मारली!"

द्वारकाबाईंनी तिचं बोट धरून बटण दाबलं.

ठोका पडला. मागोमाग दुसरा, घाईचा.

मृण्मयी रडायला लागली.

"रडतेस काय? दार उघड."