रविवारचा प्रवासी

"काल रात्री कुठं झोपलात?" थॉमसिनबाईने दारातूनच विचारले.

"नदीकाठी. बारा मैलांवर." माणसाची दाढी धुळीने भरलेली होती.

ऑस्ट्रेलियाच्या त्या वसाहतीत रविवारी दारू मिळे ती फक्त तीन मैलांपलीकडून आलेल्या प्रवाशाला. गावातल्या कुणाला घोटभर दिली की हॉटेलचा परवाना गेलाच. बुधवारी तो नव्याने मिळायचा होता, आणि पोलीस जमादार मलोनी महिनाभर डोळ्यांत तेल घालून होता. खोटी गिऱ्हाइकं पाठवण्यात त्याचा हातखंडा.

आठ वर्षांपूर्वी नवरा सोन्याच्या खाणींकडे गेला, तो गेलाच. मग परवाना तिच्या नावावर झाला. कॉर्नवॉलहून बोटीने आलेल्या या बाईजवळ आता मुलगी आणि हॉटेल, एवढंच होतं.

"या."

तो ठेंगण्या दारातून वाकून आत आला. मागोमाग मलोनी शिरला आणि नेहमीसारखं कपाळ आपटून घेतलं.

दुपार पेंगत होती. प्रार्थनाघरातलं गाणं उन्हावर तरंगत येई, मध्येच विरून जाई. भट्टीतून केशरी केकचा वास सुटला होता. थॉमसिनबाईने जिन ओतली, तीत दोन चमचे काकवी ढवळली आणि पेला त्याच्यापुढे सरकवला.

"नाव?" मलोनीने विचारलं.

"पेनरोज."

"पूर्वी आलायस कधी इकडं?"

माणसाने खिडकीबाहेर पाहिलं. थॉमसिनबाईची सात वर्षांची मुलगी लव्हडे अंगणात कोंबड्यांना प्रवचन देत होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"नाही साहेब. पहिल्यांदाच."

"बाई, ओळखता याला?"

"अहो जमादार, रस्त्यावरच्या प्रत्येक दाढीवाल्याशी ओळख ठेवत बसले, तर हॉटेलची धर्मशाळा व्हायची!"

मलोनी खो खो हसला. "बुधवारी माझी हरकत नाही," म्हणाला आणि घोड्यावर बसून गेला.

टापांचा आवाज विरेपर्यंत थॉमसिनबाई उभी होती. मग तिने ऊन ऊन केक फडक्यात बांधला. पाहुणा उठून खिडकीशी गेला होता.

"तिला हाक मारू नकोस, जेबेझ," ती रडत म्हणाली. "परवाना विधवेलाच देतात रे."