ऑईलच्या तोंडावर हात

रेणापूर फाट्यावर मोटारीमागे निळा धूर. मागच्या सीटवर आईची उशी. डिकीत कायमचा ऑईलचा डबा. इंजिनाची नळी साफ करताना वाकलेली सायकलची तार.

लातूरच्या गॅरेजात जलीलभाईंनी हात पुसले. "ताई, ब्रीदरची नळी जाम झाली होती. इंजिनाला श्वास सोडायला जागाच न्हाई, म्हणून ऑईल फेकून राहिलं. आता पिस्टनच्या रिंगा बी गेल्या. भंगारात देऊन टाका."

पंचशीलाच्या वडिलांची ही जुनी मोटार आईला वर्षभर डायलिसिसला घेऊन आली होती, आणि वाटेत एकदाही थांबली नव्हती.

तिनं ऑईल ओतायच्या तोंडावर तळहात ठेवला. चालू इंजिनाचा दाब असाच बघायचा, हे जलीलभाईंनीच तिला शिकवलं होतं. आज तिला फक्त निरोप घ्यायचा होता.

उबदार हवा तळहाताला लागली. मग आत ओढली गेली. परत लागली.

"जलीलभाई, इंजिन बंद आहे ना?"

"बंदच हाय की. काहून?"

"लई केलंस माझ्या आईसाठी," ती इंजिनाला हळूच म्हणाली. "तुला भंगारात कशी देऊ?"

हवा थांबली.

"न्हाई देत. पी ऑईल, लागेल तेवढं."

एक लांब, सुटकेचा श्वास तिच्या बोटांमधून बाहेर आला.

"इंजिनाशी बोलून राहिल्या काय, ताई?" म्हणत जलीलभाईंनी हसत तिथं आपला हात ठेवला. त्यांचं हसू मावळलं. हात मात्र त्यांना उचलता येईना.

इंजिनातली हवा ढकलणारे पिस्टन पाहणीसाठी काढलेले, ते सकाळपासून मागच्या खोलीत पडून होते. आत धूळ जाऊ नये म्हणून इंजिनावर वरची झाकणं नुसती ठेवलेली होती.