अकरा तासांच्या कळा

"कळा मामुली होत्या," रुग्णालयाचे वकील टिकेकर म्हणाले. "बाईंनी उगाच आरडाओरडा केला. डॉक्टरांना बोलावण्यासारखं काही नव्हतं."

हणमंताने मांडीवरच्या चार महिन्यांच्या मुलीचा लुळा हात सावरला. तो जन्मतानाच निकामी झाला होता, आणि तिची आई कालिंदी बाळंतपणाच्या टेबलावरच दगावली होती. कालिंदीच्या पोटावरच्या पट्ट्याने अकरा तासांच्या कळा टिपून ठेवल्या होत्या. तो पट्टा जो बांधेल त्याला त्या जशाच्या तशा येत, आणि नव्या कायद्याने हा पुरावा कोर्टात चाले.

"मग बांधा की पट्टा," हणमंत म्हणाला. "मामुलीच आहेत ना?"

"तडजोड करा हो, हणमंतराव. पोरीचं भलं होईल."

"पोरीचं मी बघतो. तुम्ही पट्टा बांधा."

न्यायाधीशबाईंनी परवानगी दिली. टिकेकरांनी हसत कोट काढला. पहिली कळ त्यांनी ओठ आवळून सोसली. दुसरीला खुर्ची घट्ट धरली. सातव्या मिनिटाला ते किंचाळले, "काढा हे! अहो, डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!"

शिपायाने धावत जाऊन पट्टा सोडला.

"लिहून घ्या, ताई," हणमंत कारकूनबाईंना म्हणाला. "सातवं मिनिट. माझी कालिंदी हेच अकरा तास सांगत होती."