तैवान की नदीपलीकडे
बाजाराच्या दिवशी पुलावरचं फाटक उघडतं आणि नदीपलीकडच्या देशातले स्पॅनिश बोलणारे लोक व आम्ही हैतीवाले शेजारी बसून माल विकतो. तिथेच लसणाच्या ढिगामागे द्येला आणि तिची लेक विस्लेन भांडत होत्या. नर्सिंग शिकायला तैवान आणि नदीपलीकडचा देश, अशा दोघांनी विस्लेनला बोलावलं होतं आणि आज संध्याकाळपर्यंत फोनवरून एकाला होकार कळवायचा होता. “पलीकडेच जा,” द्येला म्हणाली. “दर बाजाराला फाटकाशी डबा आणून देईन. तैवानात तुला मक्याचा सांजा कोण घालणार, तुझी दुसरी आई?” “पलीकडे आपल्या माणसाला बसमधून उतरवतात, आई. कागदसुद्धा बघत नाहीत.” “तुझी इतकी चांगली स्पॅनिश ऐकून त्यांनाच लाज वाटेल. तुला कोण उतरवतंय!” एवढ्यात जाळीचा ट्रक पुलावरून आला. पलीकडे पकडून परत पाठवलेली आपली माणसं खाली उतरू लागली, तशा बाजारातल्या बायका नेहमीसारख्या पाण्याच्या पिशव्या घेऊन धावल्या. द्येलाने एका पोरीच्या हातात पिशवी ठेवली. पोरीच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं आणि पायात घरातल्या सपाता. ती एवढंच म्हणाली, “मावशी, माझा भात चुलीवर राहिला.” द्येला परत आली. लसूण रचता रचता तिने विस्लेनला विचारलं, “तैवानातून असं ट्रकात घालून आणता येतं का गं?” “नाही, आई. मध्ये समुद्र आहेत.” “मग मलाही यायला जमायचं नाही.” विस्लेनने फोनवर तैवानच्या होकाराचं पान उघडलं. “दाब ते बटण,” द्येला म्हणाली. “माझं मन फिरायच्या आत दाब.”