दीपगृहातल्या शेळ्या

सोसायटीच्या हॉलमधले दिवे घालवले, पडदा हलतो म्हणून पंखेही बंद केले आणि माधवराव कॅरिबियन समुद्रात शिरले.

"ही आमची यॉट," ते म्हणाले.

पडद्यावर मंदाकिनीवहिनी होत्या. यॉट त्यांच्या मागे आहे असं समजायचं.

अख्खी सोसायटी घाम पुसत बघत होती. बघणं भागच होतं, कारण शेवटी पियूष होतं आणि पियूषचं पातेलं माधवरावांच्या खुर्चीखाली होतं.

यॉटवरून रबरी होडीत आणि होडीतून सेंट बार्नबी नावाच्या बेटावर. बेट एवढंसं, की नकाशावर माशी बसली तर सापडायचं नाही. एक रस्ता, एक चर्च, आणि कोंबड्याही विकणारं एक पोस्ट ऑफिस. होडी परत न्यायला संध्याकाळी येणार होती. तोवर माधवरावांनी बेट पिंजून काढलं. शिंपल्यांनी सजवलेलं कब्रस्तान पाहिलं. जायफळाच्या झाडाला हात लावून फोटो काढला, मग झाडाला हात न लावताही काढला.

"बेटाचा कानाकोपरा पाहिला," ते म्हणाले. "आमच्याइतकं ते बेट कुणी पाहिलं नसेल."

पहिल्या रांगेत श्यामलाताई बसल्या होत्या. एरवी त्या शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात.

"सुरेख," त्या म्हणाल्या. "आणि शेळ्यांचं दीपगृह?"

"कसलं?"

"दीपगृह हो. जिन्यात शेळ्या राहतात. संध्याकाळी ओळीनं वर चढतात आणि गच्चीत उभ्या राहून समुद्र बघतात. लोक तेवढ्यासाठीच जातात तिथे." त्यांनी पदर सारखा केला. "नाही पाहिलंत? मग काय पाहिलंत!"

अंधारात कुणीतरी खोकून हसू लपवलं. कारण हे वाक्य माधवरावांचं होतं. हंपीला, काशीला, नुसतं वाघोलीला जाऊन आलेल्या माणसालाही ते हे वाक्य ऐकवत. श्यामलाताईंच्या यजमानांना, दीनानाथांना, ते अंदमानहून आल्यावर ऐकवलं होतं. "गाणारी गुहा नाही पाहिलीत? मग काय पाहिलंत! असू दे, राहतं एखाद्याचं." दीनानाथांनी त्या दिवशी मिटलेला अल्बम पुन्हा उघडला नाही. आयुष्यात हौसेनं केलेला तेवढाच एक प्रवास. शेवटच्या आजारपणातही छताकडे बघत म्हणायचे, "गुहा राहिली गं."

यंदा दिवाळीत श्यामलाताई एकट्याच अंदमानला जाऊन आल्या. गुहेची चौकशी केली. नावाडी हसले. एक मात्र हसला नाही. तो म्हणाला, "आहे ना. कुठे हवी आहे तुम्हाला?"

"दीपगृह लांबून पाहिलं," माधवराव म्हणाले.

"लांबून शेळ्या दिसल्या?"

"त्या दिवशी बंद होतं ते."

"शेळ्यांची साप्ताहिक सुट्टी असेल," मागून आवाज आला.

"अहो, काय बोलताय!" मंदाकिनीवहिनी उठल्याच. "कुठलं दीपगृह? आपण सगळं बेट फिरलो. बेट संपलं म्हणून परत एकदा फिरलो."

प्रकरण इथे मिटलं असतं. पण तिसऱ्या मजल्यावरचा अनंत उभा राहिला. हिंजवडीत नोकरी, गेल्या वर्षी हनिमूनला तिकडेच जाऊन आलेला. ज्यांचं राहिलं अशांत आपली गणना होतेय की काय, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

"काकू, आम्ही केलंय ते!" तो म्हणाला. "टोटली क्रेझी! एक शेळी तर माझ्या बायकोला खेटून अख्खा सनसेट बघत होती."

श्यामलाताईंनी मागे वळून पाहिलं. क्षणभर त्यांनाच वाटलं, असेलही.

माधवराव खुर्चीत बसले. "तरी मी म्हणत होतो, टेकडीच्या पलीकडे जाऊ. पण तुला त्या शिंपल्यांच्या माळा!"

"पलीकडे समुद्र होता," वहिनी म्हणाल्या.

"पलीकडेच असणार ते!"

दिवे लागले, पंखे फिरले, पातेलं बाहेर आलं. अनंतभोवती घोळका जमला आणि शेळ्या हळूहळू वाढत गेल्या. माधवरावांना कुणी पियूष नेऊन दिलं, ते तसंच राहिलं. ते लॅपटॉपवर वाकले होते. यॉटवरून काढलेला शेवटचा फोटो, दूर जाणारं बेट. तो त्यांनी मोठा केला. मग आणखी मोठा. टेकडीचा ठिपका झाला, ठिपक्याचे चौकोन झाले, आणि हलणाऱ्या पडद्यावर शेवटी एकच करडा चौकोन उरला.

"श्यामलाताई," त्यांनी हाक मारली. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "जरा बघता का? ही शेळीच ना? फोटोत आली म्हणजे पाहिल्यासारखीच की."

श्यामलाताईंनी पेला खाली ठेवला. चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला. पडद्यापर्यंत चालत गेल्या. चौकोनावर त्यांचीच सावली पडली तेव्हा बाजूला झाल्या, आणि अंदमानात गुहा शोधली होती तितकंच मन लावून त्यांनी तो चौकोन पाहिला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "दगड आहे. असू दे, राहतं एखाद्याचं."